स्वाँप ब्लूजच्या वाटेवर: मसल शोल्स ते न्यू ऑर्लिन्स

रॉबर्ट फिन्ली लुइझियानातल्या बर्निस गावचे. आयुष्यभर सुतारकाम केलं, दृष्टी गेल्यावर ते सुटलं, आणि २०१५ मध्ये आर्कान्सातल्या हेलेना गावच्या रस्त्यावर गिटार घेऊन गाताना, जुन्या ब्लूज कलावंतांना मदत करणाऱ्या म्युझिक मेकर फाउंडेशनच्या लोकांनी त्यांना ऐकलं. पुढे निर्माते डॅन ऑअरबाख यांच्या नॅशविलमधल्या स्टुडिओत ‘गोइंग प्लॅटिनम’ (२०१७), ‘शेअरक्रॉपर्स सन’ (२०२१) आणि ‘ब्लॅक बायू’ (२०२३) या रेकॉर्ड झाल्या. ध्वनिमुद्रण आजचं, पण कानाला १९६९ सालचं वाटतं: थरथरणारी गिटार, फाटक्या आवाजाचा फझ, पाठीमागे ऑर्गन, आणि ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळणारा ड्रम. स्वाँप म्हणजे दलदल. दलदलीच्या मुलखातल्या ब्लूजचा आणि सोलचा हा बाज जिथे घडला त्या ध्वनिमुद्रणाच्या खोल्या मोजक्या आहेत आणि गाडीने नऊ दिवसांत बघून होतात. त्या कोणत्या क्रमाने बघायच्या आणि तिथे नेमकं काय ऐकायचं, ते इथे दिवसवार दिलं आहे.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा माणसांना आणि वाद्यांना सारखाच छळतो, आणि जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम; ऑक्टोबरही त्यातच येतो, हे ध्यानात ठेवा. गाडी हंट्सविल विमानतळावर घ्या आणि न्यू ऑर्लिन्सला सोडा. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचं वेगळं शुल्क पडतं, ते आरक्षणाच्या वेळीच बघून घ्या. वारांचा क्रम शक्यतो मोडू नका, कारण यातल्या बऱ्याच जागा ठरावीक वारीच उघड्या असतात. वेळा बदलत राहतात, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून खात्री करा.

शनिवार: मसल शोल्स

हंट्सविलपासून पश्चिमेला सुमारे ७० मैल. फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स ही टेनेसी नदीकाठची चार गावं एकमेकांना चिकटूनच आहेत. ॲव्हलॉन अव्हेन्यूवरचा रिक हॉल यांचा फेम स्टुडिओ आजही चालता आहे. इतर दिवशी ध्वनिमुद्रण सुरू असलं की आत सोडत नाहीत, म्हणून शनिवार.

१९६७ च्या जानेवारीत गायिका ॲरेथा फ्रँकलिन इथे आल्या. गाणं सुरू कसं करायचं ते कुणाला सुचेना, तेव्हा स्पूनर ओल्डहॅम यांनी वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटी घुटमळती लकेर वाजवली आणि गाण्याला वाट मिळाली. वुर्लिट्झरमध्ये तारा नसतात, पोलादाच्या पट्ट्या असतात. पट्टीच्या टोकाला कथिलाचा थेंब असतो. तो कानशीने घासला की सूर चढतो, कथिल वाढवलं की उतरतो. जोरात वाजवलं की आवाज गुरगुरतो, आणि दक्षिणेच्या सोल संगीतात तो गुरगुराट हवाच असतो. मात्र सतत जोर लावला तर पट्टी तुटते, आणि नवी बसवली तर तिचा थेंब घासून सूर पुन्हा जुळवावा लागतो. आजच्या सॉफ्टवेअरमधला वुर्लिट्झर फार सोज्वळ वाटतो, कारण त्यातल्या सगळ्या पट्ट्या सारख्याच निरोगी असतात.

दुपारी शेफील्डला ३६१४ जॅक्सन हायवे. फेममधले चार वादक, म्हणजे बॅरी बेकेट, रॉजर हॉकिन्स, जिमी जॉन्सन आणि डेव्हिड हूड, १९६९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी इथे स्वतःचा स्टुडिओ काढला. त्याच वर्षी २ ते ४ डिसेंबरला रोलिंग स्टोन्सनी इथे तीन गाणी मुद्रित केली. इमारत बाहेरून एखाद्या दुकानासारखी, आणि आत छत अगदी खाली. ड्रमच्या जागी उभं राहून एकदा टाळी वाजवा. आवाज लगेच विरतो. त्या रेकॉर्डवरचा ड्रम कानाजवळ वाटतो तो या छतामुळे. मोठ्या हॉलमध्ये तोच ड्रम वाजवून नंतर प्रतिध्वनी कापायला गेलात तर जमत नाही, हे गाठीशी बांधून ठेवा.

या चौघांना ‘स्वाँपर्स’ म्हणत. चौघंही गोरे, आणि साथ करत होते ती कृष्णवर्णीय गायकांना, तीही साठच्या दशकातल्या अलाबामात.

रविवार: मेम्फिस

सकाळी साडेसातला निघालात तर ७२ नंबरच्या रस्त्याने १५० मैल कापून चर्चच्या वेळेआधी पोचता. हेल रोडवरचं फुल गॉस्पेल टॅबरनॅकल हे सोल गायक अल ग्रीन यांचं चर्च. दर रविवारी ते असतीलच असं नाही, पण ऑर्गन आणि गायकवृंद असतो आणि पाहुण्यांचं स्वागत होतं. कपडे नीटनेटके असू द्या, मोबाइल खिशात ठेवा आणि मध्येच उठून जाऊ नका. दानाच्या थाळीत काहीतरी टाकावं.

दुपारी स्टॅक्स या सोल रेकॉर्ड कंपनीचं म्युझियम, ९२६ ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यू. मूळ इमारत १९८९ मध्ये पाडली. आजचं म्युझियम २००३ मध्ये त्याच जागी उभं राहिलं. स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमागृह. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन तशीच ठेवली. समोरासमोर समांतर पृष्ठभाग नसल्याने आवाज एका जागी अडकून घुमत नसे. म्युझियममध्ये तो उतार पुन्हा बांधून काढला आहे, त्यावर वरखाली चालून बघा.

इथली ऐकण्याची गोष्ट म्हणजे दुसरा आणि चौथा ठोका. १९६५ पासून अल जॅक्सन ज्युनिअर आणि गिटारवाले स्टीव्ह क्रॉपर हे दोन ठोके मुद्दाम कणभर उशिरा देऊ लागले. दोघांनी एकत्र उशीर करायचा, ही मुख्य अट. एकट्या ड्रमरने उशीर केला तर बँड सुस्त वाटतो. गिटारही त्याच क्षणी पडली तर गाणं मागे रेलून बसल्यासारखं वाटतं. जॅक्सन स्नेअर ड्रमवर पैशाचं पाकीट ठेवत, म्हणजे ठोक्याचा खणखणाट दबे. आजही पाकीट किंवा जाड रुमाल हाच त्यावरचा स्वस्त आणि चांगला इलाज आहे.

रॉयल स्टुडिओ हेही पूर्वीचं सिनेमागृह आणि तिथलीही जमीन उतरती. विली मिचेल यांनी अल ग्रीन आणि ॲन पीबल्स यांची गाणी इथे मुद्रित केली. ते आजही कामात असतं, त्यामुळे आधी विचारल्याशिवाय दारावर जाऊ नये. पीबल्स यांच्या १९७३ च्या पावसाच्या गाण्याची सुरुवात इलेक्ट्रिक टिंबालीवर आहे, पावसाचे थेंब पडावेत तसे ते ठोके. सोल आणि सायकेडेलिया यांची सीमा कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी हे गाणं लावेन.

सोमवार: मेम्फिस ते क्लार्क्सडेल

सकाळी सन स्टुडिओ, ७०६ युनियन अव्हेन्यू. सॅम फिलिप्स यांनी १९५० मध्ये इथे काम सुरू केलं आणि ब्लूज गायक हाउलिन वुल्फ यांचा आवाज पहिल्यांदा टिपला तो इथेच. सनच्या रेकॉर्डवरचा आखूड प्रतिध्वनी फितीवर कसा मिळतो, ते साध्या गणिताने समजतं. टेप मशीनमध्ये मुद्रण करणारं हेड आणि ऐकवणारं हेड यांत थोडं अंतर असतं. अंतर २ इंच आणि फितीचा वेग सेकंदाला १५ इंच असेल तर उशीर ०.१३ सेकंदाचा. वेग निम्मा केला तर ०.२७ सेकंद, आणि मग तो प्रतिध्वनी गाण्याच्या शब्दांवर चढतो. डिजिटल यंत्रावर हा बाज हवा असेल तर १२० ते १४० मिलिसेकंद, एकच पुनरावृत्ती, आणि वरच्या पट्टीतला आवाज कापलेला. पुनरावृत्ती दोनच्या वर गेली की सगळं पातळ होतं.

शहराच्या उत्तर भागात थॉमस स्ट्रीटवर चिप्स मोमन यांचा अमेरिकन साउंड स्टुडिओ होता. इमारत आता नाही. तरी मराठी वाचकाने ही जागा वगळू नये. इथले गिटारवादक रेजी यंग यांनी १९६८ च्या सुमारास कोरल कंपनीची इलेक्ट्रिक सतार मेम्फिसच्या पॉप-सोलमध्ये आणली. वाद्य म्हणजे सहा तारांची गिटारच, शिवाय अंगावर १३ तरफेच्या तारा. गंमत आहे ती घोडीत. गिटारची घोडी तारेला एका धारदार बिंदूवर टेकवते. या वाद्यात घोडी रुंद आणि किंचित वाकलेली आहे, त्यामुळे कंप पावणारी तार तिच्यावर घासत राहते. मिरजेचे कारागीर सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, तिच्यामागचं तत्त्व हेच. फरक इतकाच की मिरजेत हाडाची किंवा शिंगाची घोडी कानाने ऐकत कानशीने घासतात, आणि इथे कारखान्यातली तयार घोडी स्क्रूने वरखाली करतात. म्हणूनच कोरल सतारीवर एका तारेची जवारी उघडते तर दुसरीची बंद पडते. जाड तारा लावल्या तर झंकार जवळपास जातोच. या वाद्याला पातळ तारा हव्यात.

दुपारी ६१ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला, क्लार्क्सडेलपर्यंत सुमारे ७५ मैल. वाटेत सपाट कापूसजमीन. निघण्याआधी मेम्फिसमध्येच पेट्रोल भरा.

मंगळवार: क्लार्क्सडेल आणि हेलेना

सकाळी डेल्टा ब्लूज म्युझियम, जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत. मग कॅट हेड या दुकानात डोकवा. रात्री कुठे कोण वाजवणार आहे, याची खात्रीची माहिती तिथे मिळते. मंगळवारी गावात कार्यक्रम कमी असतात, त्यामुळे ही चौकशी आवश्यकच.

दुपारी बाराच्या आत मिसिसिपी ओलांडून हेलेनाला पोचा, अंतर सुमारे ३० मैल. ‘किंग बिस्किट टाइम’ हा रेडिओवरचा ब्लूज कार्यक्रम नोव्हेंबर १९४१ मध्ये सुरू झाला. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत सव्वाबाराला डेल्टा कल्चरल सेंटरमधून तो प्रसारित होतो आणि काचेपलीकडून बघता येतो. फिन्ली रस्त्यावर गात होते ते याच गावात. ऑक्टोबरमधल्या ब्लूज महोत्सवाच्या दिवसांत राहायला खोली मिळत नाही, तेव्हा मुक्काम क्लार्क्सडेललाच ठेवा.

बुधवार: ओक ग्रोव्ह ते नॅचेझ

आज गाडी जास्त चालवायची आहे. ग्रीनव्हिलच्या पुलावरून आर्कान्सात, तिथून खाली ईशान्य लुइझियानात. ओक ग्रोव्हजवळच्या गुडविल वस्तीत १९४३ मध्ये टोनी जो व्हाइट जन्मले, कापूस पिकवणाऱ्या घरात. तिथे म्युझियम वगैरे नाही. शेतं, पाटाचं पाणी, बायूच्या, म्हणजे संथ ओढ्याच्या, काठची झाडी, बस्स. तरी या वाटेवरचा हा दिवस मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्हाइट यांच्या गाण्यात जे येतं ते सगळं इथे रस्त्याच्या कडेला उभं आहे, आणि त्यांच्या गिटारचा संथपणा या सपाट जमिनीवर गाडी चालवताना जितका पटतो तितका घरी हेडफोन लावून पटत नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत पोचलेलं त्यांचं गाणं पोक या रानभाजीवर आहे. शेवळाच्या भाजीची जशी खाज मारावी लागते, तसं पोकचं विष काढावं लागतं. वसंतात फक्त कोवळी पानं खुडायची, उकळायची, पाणी फेकून द्यायचं, आणि असं किमान दोन-तीनदा करून मग चरबीत परतायचं. मूळ आणि जांभळी फळं विषारी, जून खोडही तसंच. रस्त्याकडेची पोक स्वतः तोडून शिजवू नका. जाणत्या घरात वाढली तरच खा.

याच गाण्यात साथीला नॉर्बर्ट पुटनम, डेव्हिड ब्रिग्ज आणि जेरी कॅरिगन आहेत, म्हणजे फेम स्टुडिओची पहिली तुकडी. शनिवारी पाहिलेली खोली आणि आजचं शेत अशी एकमेकांना जोडलेली आहेत. व्हाइट यांच्या गिटारमधून ऐकायचं ते फझ (आवाज फाडणारं यंत्र) आणि वाह-वाह (पायाने आवाजाचा रंग बदलणारं यंत्र), दोन्ही कमी मापात. फझ गिटारला थेट जोडायचा, मध्ये दुसरं यंत्र नको. फझ पूर्ण उघडा ठेवून गिटारवरचं आवाजाचं बटण ७ वर आणलं की आवाज निवळतो, १० वर नेलं की फाटतो. पायाने काही बदलावं लागत नाही.

मुक्काम नॅचेझला, ६५ नंबरच्या रस्त्याने फेरिडे गावावरून.

गुरुवार: बॅटन रूज आणि पोर्ट ॲलन

नॅचेझहून ६१ नंबरने सुमारे ९० मैल. पोर्ट ॲलन बॅटन रूजच्या समोर, नदीच्या पश्चिम काठावर. तिथल्या मुलाटो बेंड दफनभूमीत स्लिम हार्पो आहेत. खरं नाव जेम्स मूर, जन्म १९२४, मृत्यू जानेवारी १९७०. कबरीवर लोक माउथ ऑर्गन ठेवून जातात. कुणी ठेवलेला उचलू नये.

हार्पो नाकातून, जवळजवळ बोलल्यासारखं गात. १९६६ मध्ये त्यांचं एक गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं. बॅटन रूजच्या या मंडळींनी ब्लूजचा वेग आणि आवाज दोन्ही उतरवले. शिकागोच्या ब्लूजमध्ये सगळे एकमेकांच्या अंगावर वाजवतात, इथे प्रत्येक जण दुसऱ्याला जागा सोडतो.

ट्रेमोलोची गोष्ट इथेच सांगायला हवी. ट्रेमोलो म्हणजे आवाज ठरावीक गतीने लहानमोठा होत राहणं. जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये तो दोन तऱ्हांनी होतो. एकीत व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे त्याला दिलेला स्थिर दाबच, हलवतात, त्याची लाट मऊ असते. दुसरीत निऑन दिवा लुकलुकतो आणि त्याच्या उजेडाने रोध बदलतो, तिची लाट तुटक. स्वाँपसाठी पहिली. गती गाण्याला जुळवायची असेल तर मिनिटाला ९० ठोक्यांच्या गाण्यात ठोक्याला दोन लाटा म्हणजे सेकंदाला ३, आणि ठोक्याला तीन म्हणजे साडेचार. ॲम्प्लिफायर कुणाचं ऐकत नाही, बँड वाहवत गेला तर तो वाहत नाही. म्हणून आधी ट्रेमोलो चालू करायचा, ड्रमरने तो मोजायचा, मगच सुरुवात. लाट मंदावली, टिकटिक येऊ लागली किंवा मध्येच थांबली तर बहुधा तिच्या मंडलातले तीन लहान कपॅसिटर खराब झालेले असतात. आत ४०० व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहतो, त्यामुळे हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

शुक्रवार: क्राउली

बॅटन रूजहून आंतरराज्य १० ने पश्चिमेला सुमारे ८० मैल. वाटेत अचाफलाया खोऱ्यावरचा १८ मैलांचा पूल लागतो, खाली पाण्यात उभी असलेली सायप्रसची झाडं. पुलावर गाडी थांबवता येत नाही. थांबायचं तर हेंडरसनला उतरा. ह्यूस्टनमधल्या मराठी मंडळींना क्राउली याच रस्त्यावर जेमतेम तीन तासांवर आहे, पूर्ण नऊ दिवस जमत नसतील त्यांनी शुक्रवार-शनिवार एवढे दोन दिवस तरी करावेत.

भातशेतीच्या या लहानशा गावात जे. डी. मिलर यांनी पार्करसन अव्हेन्यूवर स्टुडिओ चालवला. १९५४ मध्ये त्यांनी लाइटनिन स्लिम यांचं पहिलं गाणं मुद्रित केलं, आणि पुढच्या वर्षापासून नॅशविलच्या एक्सेलो कंपनीला इथलं संगीत देऊ लागले. स्लिम हार्पो, लेझी लेस्टर, लोन्सम सनडाउन, सायलस होगन हे सगळे इथेच मुद्रित झाले. गावाच्या जुन्या फोर्ड मोटारींच्या इमारतीत नगरपालिका आहे आणि तिथेच या स्टुडिओचं म्युझियम. शनिवार-रविवारवर विसंबू नका, कामाच्या दिवशी दुपारच्या आत जा.

काचेतल्या यंत्रांपेक्षा इथल्या तालवाद्यांचा विचार जास्त करावा. लेझी लेस्टर माउथ ऑर्गन वाजवत, आणि ज्या गाण्यात तो नसे तिथे गुंडाळलेलं वर्तमानपत्र पुठ्ठ्याच्या खोक्यावर आपटत. हे घरी करून बघण्यासारखं आहे. खोकं रिकामं, एका बाजूने उघडं, साधारण दीड फूट लांबीचं. वर्तमानपत्राचे आठ-दहा कागद घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांना चिकटपट्टी. मायक्रोफोन उघड्या बाजूपासून हातभर दूर. जवळ नेला तर नुसता घुमारा येतो. चकचकीत कागदाचं मासिक घेतलं तर फटका टणक लागतो आणि सगळा मऊपणा जातो. पावसाळी हवेत पुठ्ठा ओल धरतो आणि आवाज बसतो, म्हणून खोकं घरात कोरडं ठेवा. पूर्ण ड्रमसंच वाजवण्याऐवजी असा एकच मऊ फटका ठेवला की गिटारच्या ट्रेमोलोला जागा मिळते. क्राउलीच्या रेकॉर्डचं निम्मं मर्म या रिकाम्या जागेत आहे. आजचे बँड जुनी वाद्यं, जुने ॲम्प्लिफायर सगळं जमवतात आणि मग ती जागा भरून टाकतात. फिन्ली यांच्या रेकॉर्ड चांगल्या वाटतात कारण तिथे ती राखलेली आहे.

बेससाठी सपाट गुंडाळीच्या तारा, आणि घोडीजवळ तारांखाली फोमचा तुकडा. फोम जाड झाला तर सूरच कळत नाही. तारेला जेमतेम टेकेल इतकाच.

या हवेत जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे जुने फझ दगा देतात. उष्णतेने जर्मेनियममधली विजेची गळती वाढते, बायस सरकतो, आणि आवाज घुसमटून तुटू लागतो. बंद गाडीत ठेवलेला फझ रात्री वाजेलच याचा भरवसा नाही. सावलीत ठेवा, वाजवण्याआधी थंड होऊ द्या, किंवा सिलिकॉनचा फझ जवळ असू द्या.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय क्राउली पुरं होत नाही. याच मिलर यांनी साठच्या दशकात रेब रेबेल नावाने वंशद्वेषी गाण्यांच्या रेकॉर्ड काढून विकल्या. कृष्णवर्णीय कलावंतांचं उत्तम संगीत टिपणारी आणि त्यांच्याच विरुद्ध विष विकणारी व्यक्ती एकच होती. तिथे जाणाऱ्याने हे माहीत असूनच जावं.

शनिवार: युनिस

क्राउलीहून उत्तरेला सुमारे २० मैल. सॅवॉय म्युझिक सेंटर या ॲकॉर्डियनच्या दुकानात शनिवारी सकाळी केजन संगीताची, म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंचभाषकांच्या लोकसंगीताची, बैठक बसते. नवख्यांनी मागे बसून ऐकायचं. ट्रँगल (धातूचं त्रिकोणी तालवाद्य) एकाच्याच हातात असावा असा शिरस्ता आहे, दुसरा काढू नका. वाटेतली शेतं बघत चला. भात काढल्यावर त्यांत पाणी सोडून क्रॉफिश वाढवतात, लाल टोपणांचे पिंजरे पाण्यावर डोकावताना दिसतात. वसंतात क्रॉफिश ताजे मिळतात आणि किलोवर नव्हे, पौंडावर. एका माणसाला सालासकट तीन पौंड लागतात, कारण मांस फक्त शेपटीत.

रविवार: न्यू ऑर्लिन्स

युनिसहून तीन तास. नॉर्थ रॅम्पार्ट स्ट्रीट आणि ड्युमेनच्या कोपऱ्यावर कॉझिमो मटासा यांचा जे अँड एम स्टुडिओ होता. डिसेंबर १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो आणि सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्ड इथे मुद्रित झाले. त्या जागेत नंतर कपडे धुण्याचं दुकान आलं, बाहेर फलक आहे. रस्ता ओलांडला की आर्मस्ट्राँग पार्क, आणि त्यात काँगो स्क्वेअर, जिथे गुलामगिरीच्या काळात आफ्रिकी लोक रविवारी जमून ढोल वाजवत. रविवारी दुपारी आजही तिथे ढोलांचं वर्तुळ जमतं. डॉक्टर जॉन यांच्या १९६८ च्या पहिल्या रेकॉर्डमधला ताल या चौकाकडे बोट दाखवतो.

ती ‘ग्रि-ग्रि’ मुद्रित झाली मात्र लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत. हॅरल्ड बॅटिस्ट आणि इतर वादक न्यू ऑर्लिन्सचेच, कामासाठी कॅलिफोर्नियात गेलेले. सायकेडेलिक स्वाँपची सर्वांत गडद रेकॉर्ड दलदलीपासून जवळजवळ दोन हजार मैलांवर झाली, आणि तरी खोटी वाटत नाही, कारण ताल धरणारे हात इथले होते. जुना ॲम्प्लिफायर शोधण्यात वर्ष घालवणाऱ्या गिटारवादकाने आधी असा ड्रमर शोधावा.

रेकॉर्ड घ्यायच्या तर फ्रेंचमन स्ट्रीटवरचं लुइझियाना म्युझिक फॅक्टरी. एक्सेलोच्या मूळ, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकड्या महाग, आणि ज्यूकबॉक्समध्ये झिजलेल्या बऱ्याच. तबकडी उजेडात तिरपी धरून बघा. खाचा करड्या दिसल्या तर ती झिजलेली आहे, धुऊन सुधारणार नाही. नव्याने छापलेला संग्रह घेणं शहाणपणाचं. गाडीच्या डिकीत रेकॉर्ड ठेवू नका, या उन्हात तासाभरात वाकतात. विमानात हातातल्या बॅगेत, उभ्या, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून न्या. कव्हरसकट एक एलपी साधारण पाव किलोची धरा, म्हणजे २० एलपींचे पाच किलो होतात आणि हातातल्या सामानाच्या मर्यादेत बसतात.